चावी काढल्यावरचं गाणं

मेढ्याच्या एस.टी. स्टँडबाहेर वडापच्या जीपा ओळीने उभ्या असायच्या, तेव्हा कुठली आधी सुटणार हे ओळखायची एक खात्रीची खूण होती. जिचा टेप सगळ्यांत मोठ्याने वाजतोय, ती अजून रिकामी. इंजिन बंद, बॉनेट गार, चालक चहाच्या टपरीवर आणि डेकमध्ये प्रल्हाद शिंद्यांची कॅसेट. केळघरला, कुडाळला, साताऱ्याला जाणाऱ्याने गाणं ऐकून जवळ यावं, आत कोणी ओळखीचं बसलंय का बघावं आणि चढावं, एवढ्यासाठी ती सगळी व्यवस्था. माणसं कोंबून झाली की चालक यायचा, चावी फिरवायचा, आणि सगळी जीप कान देऊन ऐकायची: सेल्फ उचलतोय का. कधी उचलायचा. कधी नुसतं 'टक्' व्हायचं आणि मागच्या फळीवरचे चौघे न सांगता उतरून धक्क्याला लागायचे. भाडं मात्र त्यांनाही पुरं पडायचं.

इंजिन बंद ठेवून गाडीतला रेडिओ कसा वाजवायचा, हा प्रश्न युरोप-अमेरिकेत मोटरहोमवाल्यांचा समजला जातो. चाकांवरचं घर घेऊन लोक तळ्याकाठी मुक्काम करतात आणि संध्याकाळी त्यांना कळतं, की चावी काढली की रेडिओ मुका होतो. आपल्याकडे मोटरहोम अजून नवलाईची. मेढ्याच्या जावळी तालुक्यातल्या माणसाने तशी गाडी पाहिली असेल तर ती शेजारच्या वाईला, शूटिंगच्या व्हॅनिटी व्हॅनच्या रूपात. 'गंगाजल', 'स्वदेस' या चित्रपटांनी वाई-मेणवलीचा परिसर देशाला दाखवला आणि त्या धंद्याची वर्दळ तिकडे कायमची झाली. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणल्यावर महाबळेश्वर, तापोळा, कास-बामणोली या पट्ट्यात घरगाडीचं नाव अधिक ऐकू येऊ लागलं.

पण गाडीत वस्ती करणारी माणसं आपल्याला नवी नाहीत. बीडकडून ऊसतोडीला येणारी कुटुंबं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून संसार आणतात. सोनगावच्या प्रतापगड किंवा शेंद्र्याच्या अजिंक्यतारा कारखान्याच्या आवारात नंबर लागेपर्यंत चालक रात्र ट्रॅक्टरवर काढतो आणि ती रात्र टेपवर निघते. आषाढात ज्ञानोबांची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात शिरते, लोणंद, तरडगाव, फलटण, बरड असे मुक्काम करते. तेव्हा दिंड्यांचे ट्रक म्हणजे काही आठवड्यांची घरंच असतात, ताडपत्रीखाली भांडीकुंडी, बिछाने, दिवा आणि भजनाची कॅसेट. पुढे पेन ड्राइव्ह आला. या सगळ्यांना तोच प्रश्न पडला आणि प्रत्येकाने आपापल्या परीने तो सोडवला.

ही सगळी उत्तरं एकत्र मांडून पाहिली की माझ्या मते वायर कुठे जोडायची हा भाग किरकोळ उरतो. गाणं बंद कोण करणार, हे आधी ठरवावं लागतं. माणूस करेल, चावी करेल, एखादा रिले करेल, नाहीतर शेवटी बॅटरी स्वतःच करेल. चौथं उत्तर फुकट मिळतं, म्हणून तेच सर्वांत जास्त वापरलं गेलं आहे.

हा पेच मोटारीतल्या रेडिओइतकाच जुना आहे. शिकागोच्या पॉल गॅल्विन यांनी १९३० मध्ये 'मोटोरोला' नावाने मोटारीचा रेडिओ बाजारात आणला, तेव्हा तो काचेच्या व्हॉल्व्हवर चालायचा. व्हॉल्व्ह तापवायलाच एवढी वीज लागे, की इंजिन बंद करून ऐकणं म्हणजे बॅटरीवर दरोडा. ट्रान्झिस्टरने ती भूक मोडली. क्रायस्लरने १९५५ मध्ये पूर्ण ट्रान्झिस्टरचा रेडिओ मोटारीत दिला. आपल्याकडे रेडिओला १९८०च्या दशकाच्या मध्यापर्यंत टपाल खात्याचा परवाना लागे, त्यामुळे जीपमधला रेडिओ हा साहेबी थाट होता. वडापच्या जीपेत गाणं आलं ते रेडिओचा हात धरून नाही, कॅसेटचा धरून, म्हणजे ऐंशीच्या दशकात. बॅटरीची भूकही तिथूनच परत वाढली, कारण टेपपाठोपाठ ॲम्प्लिफायर आला आणि त्याच्यामागून सीटखालचा बूफर.

आता चावीकडे. आजच्या साध्या चावीला चार घरं असतात: बंद, ॲक्सेसरी, ऑन आणि स्टार्ट. दुसरं घर खास या कामासाठीच आहे. इंजिनाची यंत्रणा झोपलेली, रेडिओ जागा. तरीही लोक चावी तिसऱ्या घरात ठेवून गाणी ऐकतात, कारण दुसरं घर असतं हेच पुष्कळांना ठाऊक नसतं. जुन्या पेट्रोल जीपेत ही चूक महागात पडायची. पॉइंट मिटलेले असले तर इग्निशन कॉइलमधून वीज वाहत राहायची आणि कॉइल तापून जळायची. डिझेलला कॉइल नाही, पण मीटर, दिवे, सोलेनॉइड यांचं दूधपाणी चालूच. बटणाने सुरू होणाऱ्या गाड्यांत ब्रेक किंवा क्लच न दाबता बटण एकदा दाबलं की बहुतेकदा हेच ॲक्सेसरीचं घर मिळतं. ज्याला चावी गाडीतच ठेवून शेजारी बसायचं आहे, त्याने इथे वाचणं थांबवलं तरी चालेल. त्याचा प्रश्न सुटला.

मुक्कामाच्या गाडीत चावी अशी लटकत ठेवता येत नाही. मुलं खेळतात, स्टिअरिंगचं कुलूप उघडं राहतं, आणि ती चावी खिशात असल्याशिवाय झोप लागत नाही. तेव्हा डेकच्या मागे हात घालावा लागतो. तिथल्या तीन वायरी ओळखल्या की पुरे. पिवळी थेट बॅटरीची, फ्यूजमधून येणारी. डेक चालतो तो तिच्यावर आणि घड्याळ नि लावलेली स्टेशनं लक्षात राहतात तीही तिच्यामुळे. तांबडी चावीची, ती डेकला फक्त 'जागा हो' एवढंच सांगते, तिच्यातून वीज जेमतेम वाहते. काळी अर्थची. हे रंग बाजारात मिळणाऱ्या डेकचे. गाडीच्या बाजूच्या वायरींनी ते पाळायचं ठरवलेलं नसतं, म्हणून रंगावर विश्वास ठेवण्याआधी टेस्ट लॅम्प लावावा. काही गाड्यांच्या सॉकेटमध्ये पिवळी-तांबडीच्या जागा उलट येतात. मग चावी काढली की डेक सगळी स्टेशनं विसरतो आणि मालक डेकला शिव्या देतो.

सर्वांत जुना उपाय म्हणजे तांबडी सोडवून पिवळीला पिळायची. पाच मिनिटांचं काम. आता डेकला चावी माहीतच नाही. त्याचं स्वतःचं बटण दाबलं तर चालू, दाबलं तर बंद. कारखान्याच्या रांगेतल्या किती ट्रॅक्टरांना हा उपाय झाला असेल, याची गणतीच नको. यात बंद करण्याची जबाबदारी संपूर्ण माणसावर, तीही ऊस भरून थकलेल्या, झोपेला आलेल्या माणसावर. शिवाय काही डेक तांबडीवर वीज दिसत असेपर्यंत गाढ झोपी जातच नाहीत. आवाज बंद, पडदा काळा, पण आतलं काहीबाही जागं. मला हा उपाय वायरिंगमध्येच धरता येत नाही.

त्याहून बरा उपाय म्हणजे तांबडीच्या वाटेत एक वेगळा स्विच बसवणं. इथेच एक सापळा आहे, आणि तो मी जवळून पाहिलाय. एका मित्राने टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन तिच्यात बाकं काढून झोपायची सोय केली. वायरिंगवाल्याने बॅटरीवरून स्विच घेतला आणि तो चावीकडून येणाऱ्या तांबडीला, ती न तोडता, तसाच जोडला. बामणोलीला पोचल्यावर चावी काढून मित्राने ऐटीत स्विच टाकला. रेडिओ लागला. पंखा लागला. वायपर कोरड्या काचेवर घसटत फिरू लागले, आणि मग फ्यूज उडून सगळंच शांत झालं. वीज स्विचमधून रेडिओकडे गेली, तशी ती तांबडीतून उलटी चावीकडेही गेली आणि ॲक्सेसरीवर जे जे होतं त्याला तिने उठवलं. चावीची तांबडी तोडून डेकला फक्त स्विचची द्यायची, नाहीतर दोन्ही ठेवायच्या असतील तर प्रत्येकीत एकेक डायोड घालायचा. तांबडीतून वीज इतकी थोडी जाते, की काही रुपयांचा डायोड पुरतो. दुतर्फी स्विच लावून 'इकडे चावी, तिकडे बॅटरी' केलं तरी चालतं आणि मला तर तेच जास्त आवडतं, कारण बोटाला कळतं आपण कुठल्या बाजूला आहोत ते.

पण स्विच कितीही नीट लावला, तरी पुढचं गणित बॅटरीचंच आहे. ते थोडं सावकाश करू.

डेकच्या खोक्यावर '५० वॉट गुणिले ४' असं लिहिलेलं असतं आणि त्याच डेकच्या पाठीवर १० अँपिअरचा फ्यूज असतो. १४ व्होल्टला १० अँपिअर म्हणजे १४० वॉट. मग २०० कुठून येणार? ती खोक्यावरची कविता आहे. साध्या आवाजात, चौघांना बोलता बोलता ऐकू येईल एवढ्यात, डेक एक ते दोन अँपिअर घेतो. दीड धरू. छोट्या मोटारीची बॅटरी ३५ अँपिअर-अवरची, डिझेल जीपेची ७५-८०ची. सेल्फसाठी जीव राखायचा तर त्यातला एक तृतीयांशच गाण्याला द्यावा. म्हणजे छोट्या गाडीत १२ अँपिअर-अवर, आठ तास. हे नव्या, पूर्ण भरलेल्या बॅटरीचं. तीन वर्षं जुनी असेल, टर्मिनलवर खार चढला असेल, तर निम्मं धरा. आणि बूफरसकट ॲम्प्लिफायर १० अँपिअर ओढत असेल, तर आठ तासांचा सव्वा तास होतो. वरातीतली जीप भर रस्त्यात का बसते, याचं कारण बहुतेक वेळा एवढंच.

गंमत सेल्फच्या बाजूला आहे. सेल्फ २०० अँपिअर ओढतो, पण तीनच सेकंद. गुणाकार करून पाहिला तर ते एका अँपिअर-अवरच्या सहाव्या हिश्शाइतकं भरतं, म्हणजे दीड अँपिअरने सात मिनिटं वाजलेलं गाणं. इंजिन सुरू करायला लागणारी वीज दोन गाण्यांएवढीसुद्धा नाही! मग रात्रभर गाणी ऐकल्यावर सकाळी 'टक्' का होतं? कारण सेल्फला नुसतं पाणी नको, धार हवी. हंड्यात निम्मं पाणी आहे, पण नळाला जोर नाही, अशी ती गत. अर्ध्याहून जास्त उतरलेली बॅटरी रेडिओ आणखी चार तास आनंदाने चालवेल आणि सेल्फला मात्र एकदाही फिरवणार नाही. रेडिओ बॅटरीच्या तब्येतीबद्दल आपल्याला सतत खोटं सांगत असतो. डॅशबोर्डचे दिवेही तसेच.

खरं सांगतो तो मल्टिमीटर. तास-दोन तास गाडी स्वस्थ उभी राहिल्यावर शिशाची बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवत असेल तर भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२च्या खाली गेली की सेल्फची आशा सोडा. म्हणजे भरलेली आणि निकामी यांतलं अंतर अर्ध्या-पाऊण व्होल्टचं. म्हणूनच मला सर्वांत शहाणा स्वस्त उपाय वाटतो तो व्होल्टेज पाहून तोडणारा कटऑफ. बॅटरी आणि डेक यांच्यामध्ये तो बसतो, ठरवलेल्या आकड्याला वीज तोडतो. मात्र सोलरच्या दुकानात मिळणारे कटऑफ बहुधा ११ व्होल्टच्या आसपास लावलेले येतात. ते दिव्याच्या बॅटरीला ठीक. सेल्फच्या बॅटरीला ११ म्हणजे दशक्रियेची वेळ. १२.२ला लावता येईल असाच घ्यावा. टायमर हा त्याचा चुलतभाऊ. युरोपातल्या बऱ्याच गाड्यांत चावी काढून रेडिओचं बटण दाबलं तर तो वीसेक मिनिटं वाजतो आणि आपण होऊन बंद होतो. मोटरहोमवाले या वीस मिनिटांना फार वैतागतात. पण थांबवणारा कोणी नाही असं समजून ती व्यवस्था केलेली आहे, आणि तो समज बरोबर आहे.

मोठ्या ट्रकची गोष्ट निराळी. तिथे १२-१२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापाठी एक जोडून २४ व्होल्ट केलेले असतात, आणि बाजारातला डेक तर बाराचा. मग सर्रास काय करतात, की दोन बॅटऱ्यांच्या मधल्या जोडावरून वायर घेतात. एका बॅटरीवर गाणं, दुसरी नुसती बघत. हा उपाय इतका रुळलेला आहे, की तो चुकीचा आहे म्हटलं तर वायरिंगवाले हसतात. पण चूक आहेच. रात्रभर एकच बॅटरी उतरते. सकाळी इंजिन लागलं की डायनॅमो मात्र दोघींना मिळून २८ व्होल्ट देतो. भरलेली बॅटरी फुकट उकळते, तिचं पाणी आटतं. उतरलेलीला पुरतं पोचत नाही. काही महिन्यांनी मालक दोन्ही बदलतो आणि कंपनीला नावं ठेवतो. दिंडीच्या ट्रकला तर हे फारच लागू, कारण तो दिवसातून जेमतेम पुढच्या मुक्कामापर्यंत चालतो आणि उरलेला सगळा वेळ दिवा, भोंगा, रेडिओ आणि डझनभर मोबाइल त्याच बॅटरीवर. चोवीसाचे बारा करणारा कन्व्हर्टर हे त्याचं औषध. महाग नाही, तळहाताएवढा असतो. त्याचा एक दोष आहे, तो पुढे सांगतो.

ज्याला खरोखर गाडीत राहायचं आहे, त्याच्यासाठी या सगळ्या युक्त्या तात्पुरत्या. त्याने बॅटऱ्याच वेगळ्या कराव्यात: एक सेल्फची, दुसरी घराची. घराची म्हणजे दिवे, पंखा, पाण्याचा पंप आणि रेडिओ. ही दुसरी बॅटरी कशी असावी हे मराठी घराला नव्याने सांगायला नको. भारनियमनाच्या वर्षांनी आपल्याला ट्यूबुलर बॅटरी पाठ करून दिलीय. (त्याआधी तर गावात वीज गेली की ट्रॅक्टरची बॅटरी सोडवून घरात आणायचे आणि बारा व्होल्टवर चालणाऱ्या छोट्या कृष्णधवल टीव्हीवर 'रामायण' बघायचे. सोमवारी नांगरट उशिरा सुरू व्हायची.) सेल्फच्या बॅटरीतल्या पातळ पट्ट्या क्षणभर मोठी धार द्यायला घडवलेल्या, वारंवार खोल उतरवल्या की त्या लवकर मरतात, ट्यूबुलर सावकाश उतरायला आणि परत भरायला घडवलेली. गाडीत मात्र ती उभीच बसवावी लागते, आवळून बांधावी लागते आणि चार्जिंगचा वायू बाहेर जायला वाट ठेवावी लागते. बिछान्याखाली बंद पेटीत ट्यूबुलर ठेवणाऱ्याने विडी सोडावी. लिथियम बॅटरी हलकी, देखणी. पण ती गोठणबिंदूखाली चार्ज करायची नसते, आणि थंडीत वेण्णा लेकच्या काठी गवतावर हिमकण दिसल्याचे फोटो दरवर्षी छापून येतात. त्या काठी गाडी लावणाऱ्याने हे लक्षात ठेवावं. तीच वेण्णा खाली मेढ्याला येते तोवर हा प्रश्न उरत नाही.

दुसरी बॅटरी आली, की रेडिओचं काम उलट सोपं होतं. पिवळी आणि तांबडी, दोन्ही घराच्या बॅटरीवर न्यायच्या, तांबडीत एक स्विच, संपलं. गाडी चालू असो वा बंद, रेडिओ घराचा. 'चावी लागली की सेल्फच्या बॅटरीवर, काढली की घराच्या' असं पाच पायांचा रिले लावून करता येतं, आणि हौशी लोक ते करतात. पण त्यात मिळतं काय, हे मला अजून कळलेलं नाही. दोन गोष्टी मात्र सांभाळाव्यात. फ्यूज बॅटरीच्या अगदी शेजारी, वीतभर अंतरात हवा. डेकच्या पाठीवरचा फ्यूज डेकला वाचवतो, मधल्या चार मीटर वायरीला नाही. उंदराने ती वायर कुरतडून पत्र्याला टेकवली, तर वाचवेल तो बॅटरीजवळचाच. दुसरी गोष्ट अर्थची. घराच्या बॅटरीचा निगेटिव्ह चेसिसला नीट जोडलेला नसेल, तर डेकची परतीची वीज एरियलच्या तारेच्या जाळीतून वाट काढते आणि ती तार तापते. हा दोष शोधायला फार वेळ लागतो, कारण एरियलकडे कोणी संशयाने बघतच नाही.

घराची बॅटरी चालत्या गाडीत भरायची कशी, यावर मतं बदलत गेली. आधी डायोडचे आयसोलेटर होते. ते अर्धा-पाऊण व्होल्ट स्वतःच खायचे आणि घराची बॅटरी कायम अर्धपोटी राहायची. मग व्होल्टेज ओळखणारे रिले आले: इंजिन चालू होऊन व्होल्टेज साडेतेराच्या आसपास चढलं की दोन्ही बॅटऱ्या जोडायच्या, उतरलं की तोडायच्या. वीस वर्षं ते ठीक चाललं. अलीकडच्या गाड्यांत इंधन वाचवण्यासाठी डायनॅमो स्वतःच आपलं व्होल्टेज खालीवर करतो, त्यामुळे तो रिले गोंधळतो. नव्या गाडीत एका बॅटरीवरून दुसरी भरणारा चार्जरच लावावा लागतो. तो महाग आहे आणि त्याला पर्याय नाही.

उपाय सांगताना एक मोठा उपाय मी राखून ठेवला होता: उतार. जावळीत सपाटी शोधावी लागते, उतार नाही. पूर्वी रात्री गाडी लावताना चालक तोंड उताराकडे करून लावायचा, चाकाला दगड. सकाळी दगड काढला, दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडला की गाडी हुंकार देऊन लागायची. जुन्या डिझेल इंजिनाला, पंप यांत्रिक असेल आणि बंद करायला दोरी असेल तर, बॅटरी पूर्ण मेलेली असली तरी चालतं. केळघरच्या घाटावर भरवसा ठेवून माणसांनी बेफिकीर गाणी ऐकली. हा विमा आता संपत आलाय. बीएस-६च्या गाड्यांत इंजेक्शन संगणकावर चालतं, त्याला जागं व्हायला व्होल्ट लागतात. बॅटरी साफ बसलेली असेल तर गाडी उतारावरून नुसती घरंगळते, शिवाय ब्रेक आणि स्टिअरिंग जड झालेलं. ऑटोमॅटिक गिअरला तर धक्का नाहीच. छोट्या ट्रॅक्टरांत यांत्रिक पंप अजून भेटतो, आणि पिवळी-तांबडी पिळण्याची पद्धतही तिथेच सर्वांत जास्त टिकून आहे, हा योगायोग नसावा.

नव्या गाड्यांत वायर तोडण्याचाही मार्ग बंद होत चाललाय. कित्येकांत तांबडी वायरच नसते; चावी लागली हा निरोप रेडिओला संगणकाच्या दोन वायरींवरून संदेश म्हणून येतो. बॅटरीच्या निगेटिव्हवर बसलेला सेन्सर येणं-जाणं मोजतो आणि त्याला न विचारता थेट टर्मिनलवरून ओढलेली वीज त्याच्या हिशेबात येत नाही. काही जोडायचंच असेल तर निगेटिव्ह सेन्सरच्या पलीकडे, बॉडीवर घ्यावा. वॉरंटीचा कागदही आधी वाचावा. अशा गाडीत कंपनीच्या रेडिओला हात न लावता मागच्या बाजूला दुसरा साधा डेक घराच्या बॅटरीवर बसवणं हेच मला रास्त वाटतं.

'ब्लूटूथ स्पीकर असताना हा उपद्व्याप कशाला?' असं कोणी विचारेलच. गाण्यापुरता तो प्रश्न रास्त आहे, आणि निम्म्या लोकांनी स्पीकर घेऊन मोकळं व्हावं. पण बामणोलीकडच्या शिवसागर जलाशयाच्या काठी मोबाइलची रेंज पुष्कळ जागी दगा देते, मग फोनमध्ये आधी उतरवून ठेवलेली तीच गाणी. तिथे रेडिओ पुन्हा कामाला येतो, त्यातही मीडियम वेव्ह. एफएमच्या लहरी सरळ जातात, डोंगर आडवा आला की थांबतात. मीडियम वेव्हच्या जमिनीला धरून वळतात आणि रात्री आकाशावरून परावर्तित होऊन शेकडो किलोमीटर येतात. आकाशवाणीचं सांगली केंद्र १९६३चं. डोंगराआडच्या गावांनी पिढ्यान्‌पिढ्या शेतीचे सल्ले आणि भजनं ऐकली ती अशाच लहरींवर. आणि मीडियम वेव्ह खऱ्या अर्थाने ऐकायची तर इंजिन बंदच हवं. इंजिन चालू असताना डायनॅमोची शीळ आणि ठिणग्यांची करकर सगळी त्याच पट्ट्यात येते. चावी काढली की ती एकदम निवते आणि निवेदकाचा श्वासदेखील ऐकू येतो. आता कन्व्हर्टरचा तो दोष: चोवीसाचे बारा करणारा स्वस्त कन्व्हर्टर, एलईडीचे ड्रायव्हर, मोबाइलचा चार्जर, हे सगळे मीडियम वेव्हवर घोंगावतात. एफएमला त्याचा उपद्रव बराच कमी, पेन ड्राइव्हला नाहीच. मीडियम वेव्हच्या माणसाने बाकीचं बंद करून एकटा रेडिओ ठेवावा.

आवाज दार बंद करून ऐकण्याएवढा ठेवला तर बॅटरीही वाचते आणि शेजारीही. ध्वनिप्रदूषणाचे २०००चे नियम रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावू देत नाहीत. कासच्या रस्त्याला गाडीची चारी दारं उघडून बूफर लावणाऱ्यांना हे कोणी तरी सांगायला हवं.

शेवटी राहिला न वाजणारा रेडिओ. पिवळी वायर डेकच्या स्मरणासाठी सतत थोडी वीज घेत असते. चांगला डेक चार-पाच मिलिअँपिअर, स्वस्तातला मोठ्या पडद्याचा अँड्रॉइड डेक त्याहून कितीतरी जास्त. १० धरले तर दिवसाला पाव अँपिअर-अवर. एरवी कोणाच्या लक्षातही येणार नाही. पण महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि मेढ्याच्या बाजूला मुक्कामाची गाडी जूनमध्ये शेडमध्ये गेली की चार महिने बाहेर निघत नाही. १२० दिवसांचे होतात जवळजवळ २९ अँपिअर-अवर. छोट्या बॅटरीला तेवढ्यात आडवी करायला रेडिओने एक सूरही काढायची गरज नाही. सोलरचं पॅनेल त्या ढगात काय भरणार? म्हणून शेडमध्ये गाडी लावताना पिवळीचा फ्यूज उपसून डॅशबोर्डच्या कप्प्यात टाकायचा. माझा मित्र तो खंडेनवमीला परत बसवतो. गाडी धुऊन, टर्मिनलचा खार ब्रशने काढून, झेंडूची माळ घालण्याच्या आधी. घड्याळ शून्यावर आलेलं असतं आणि सगळी स्टेशनं पुन्हा लावावी लागतात.